डहाळ्यावरचा दगड

माझ्या नातीने पाणी वाया घालवलं, असं देवाने अंगात येऊन सांगितलं असतं तरी मी त्याला म्हणाले असते, चल, ऊठ, दुसऱ्या घरी जा. सूर्यमाळच्या पाड्यावरची पोर आहे ती. उन्हाळ्यात डोंगर उतरायचा, झऱ्याशी बसायचं, वाटीवाटीने पाणी गोळा करून हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन पुन्हा चढायचं. आमच्याकडे पोर पडली तर आधी हंड्याला काय झालं ते बघतात. अशी पोर शाळेच्या टाकीचा कॉक उघडा टाकून निघून जाईल?

पण फोनवर तेच सांगितलं होतं. फोन जीपवाल्या रघ्याचा. आमच्या पाड्यावर रेंज येत नाही, म्हणून प्रगतीच्या शाळेत मी त्याचाच नंबर दिलेला. सकाळी जीप रस्त्यावर सोडून तो धापा टाकत दारात आला.

"जिवलीमावशी, शाळेतून फोन होता. प्रगतीला घेऊन जा म्हणतात."

"आजारी पडली का?"

"नाय. नाव काढणार म्हणतात. तिनं टाकी रिकामी केली. सगळी शाळा तहानलीय."

तव्यावर नागलीची भाकर होती. ती तशीच टाकून मी लुगडं बदललं. रघ्या म्हणाला, "मावशी, जरा गोड बोला तिकडं." मी म्हटलं, "गोड बोलायला मी काय गुळाची ढेप हाय? जीप चालव."

वाटेत रघ्या काहीबाही बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. आमचं स्वतःचं रान नाही. जो बोलावेल त्याच्या कामाला जायचं, हेच माझ्या सासऱ्याने केलं, नवऱ्याने केलं. माझा सुकऱ्या आणि सून ठाण्याकडे बांधकामावर असतात. प्रगती नववीत. शाळा मोखाड्यालगत, तिथल्याच वसतिगृहात राहते म्हणून तिचं शिक्षण चाललंय. आमच्या पाड्यावरून रोज जाऊन-येऊन ते होत नाही. नाव गेलं की तिच्या डोक्यावर घमेलं येणार, त्याला ज्योतिषी नको. सुनेने एकदा विचारलंही होतं, "पोरीला पाठवता का इकडं? हिलाही काम मिळेल." मी म्हटलं होतं, "मी मेल्यावर विचार."

शाळेतल्या हेडमास्तरांना सगळे मोठे सर म्हणतात. देशावरचे. माणूस वाईट नव्हे, पण तीनशे पोरांनी दमलेला. खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा आजी."

"मागून बसते. पोरीनं काय केलं ते आधी सांगा."

त्यांनी सांगितलं. टँकरने टाकी भरून दिली होती. पुढचा टँकर येईपर्यंत ती पुरवायची होती. बाजाराच्या दिवशी दुपारी मुलींनी नेहमीसारखी हंडे-बादल्यांची लाईन लावली. जी शेवटी भरेल तिने कॉक बंद करायचा, असा नियम. संध्याकाळी सर स्वतः तिकडे गेले तर कॉक पूर्ण उघडा, टाकी कोरडी, आणि पाणी गटारातून शेतात गेलेलं. रात्री भात शिजला नाही. पहिली-दुसरीची पोरं घरी पाठवावी लागली.

"आणि नळाजवळ एकच भांडं उभं होतं," ते म्हणाले. "हे."

कोपऱ्यात माझा हंडा उभा होता. जर्मनचा, बुडाला पोचा आलेला, गळ्याला लाल चिंधी बांधलेली. सासूने मला दिला, मी प्रगतीला. त्याला तसं कोपऱ्यात उभं केलेलं बघून माझं डोकं फिरलं.

"हंडा उभा होता म्हंजे पोरीनं कॉक उघडा टाकला?"

"नुसता हंडा नाही. बघणारी आहे."

त्यांनी प्रगतीच्या वर्गातल्या हर्षालीला बोलावलं. गोरी, नीट वेणी घातलेली पोर. दोन्ही हात मागे बांधून, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बोलली. "शेवटी प्रगतीच भरत होती. मी पाहिलं. तिनं हंडा भरला, बाजूला ठेवला आणि कॉक उघडाच टाकून गेली."

"कुठं गेली?"

"ते मला माहीत नाय."

"मला माहीत हाय. माझ्याजवळ होती. त्या दिवशी मी झाडण्या विकायला बाजारात आले होते. दुपारपासून उन्हं उतरेपर्यंत ही पोर माझ्या शेजारी चिंचेखाली बसून भाकर-चटणी खात होती आणि मला वहीतल्या कविता म्हणून दाखवत होती. मला त्यातलं काही कळत नाय, पण पोर माझीच होती, एवढं कळतं."

"म्हणजे परवानगी न घेता बाहेर गेली," सर म्हणाले.

"गेली. त्याची शिक्षा द्या. शाळा झाडून घ्या तिच्याकडून, झाडणी मी देते. पण जे केलं नाय त्याचं काय?"

"आजी, तुम्ही तिच्या आजी. तुमची साक्ष मी कशी धरू? उद्या प्रत्येकाची आजी येईल." मग त्यांचाही आवाज चढला. "आणि मला राग कशाचा येतो सांगू? बाकीच्यांचं पाणी वाहून गेलं तरी चालेल, पण हिचा हंडा बघा! वर डहाळा ठेवून, त्यावर दगड ठेवून झाकलेला. आपल्या पाण्यात कचरा नको पडायला!"

मी इतका वेळ उभी होते. आता बसले.

"काय ठेवलं होतं म्हणालात?"

"जांभळाचा डहाळा. वर दगड. मीच काढून फेकला."

"सर, तुम्ही इथं किती वर्षं हाय ते मी विचारत नाय. पण पाण्याच्या लाईनीत कधी उभे राहिला नाय, हे कळलं."

मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे हंडा लाईनीत लावला की बाई तिथे उभी असलीच पाहिजे असं नाही. ती घरी जाते, पोराला पाजते, लाकडं आणते. मागची बाई तिचा हंडा पुढे सरकवते. तिचा नंबर आला आणि ती आली नसली, तर मागचीनेच तो भरायचा आणि बाजूला ठेवायचा. मग तोंडावर डहाळा आडवा टाकायचा आणि त्यावर दगड. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, हे पाणी दुसऱ्याने भरलंय, धनीण अजून यायचीय, हात लावू नका. भांडण असलं, सात पिढ्यांचं वैर असलं, तरी हंडा सरकवायचा. जी ओलांडून पुढे जाते तिला पुढच्या उन्हाळ्यात कोणी शेजारी उभी करत नाही. स्वतः भरलेल्या हंड्यावर कोण दगड ठेवील? तो उचलून डोक्यावर घ्यायचा असतो.

"डहाळा होता, म्हंजे हंडा भरला दुसऱ्या कोणी तरी. आणि तुम्ही काढेपर्यंत तो होता, म्हंजे माझी पोर हंड्याजवळ आलीच नाय." मी हर्षालीकडे वळले. "तू कुठली गं?"

"जव्हारकडची."

"गावात लाईन लागते का?"

"लागते."

"मग डहाळा बघितला नाय तू?"

तिची नजर नकाशावरून जमिनीवर आली.

सर थोडे विचारात पडले, पण ऐकेनात. "ही तुमची रीत असेल आजी. मी नाही म्हणत नाही. पण तो डहाळा प्रगतीनेच ठेवला नसेल कशावरून? रीत साक्षीला उभी राहत नाही. ज्याने ठेवला त्याला आणा. शाळा सुटेपर्यंत मी थांबतो. त्यानंतर कागद वर पाठवणार."

"आणते," मी म्हटलं. कुठून आणणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

प्रगती व्हरांड्याच्या टोकाला पत्र्याच्या पेटीवर बसली होती. पेटी भरून, कडी लावून तयार. मला बघून उठली.

"आजे, चल घरी."

"कोणी सांगितलं तुला पेटी भरायला?"

"कोणी बोलत नाय माझ्याशी. जेवायला बसले की पोरी ताट उचलून लांब जातात."

"बरं झालं. हातपाय पसरून जेव. तुझा हंडा कोणी भरला?"

"माहीत नाय. मी लाईनीत लावला आणि तुझ्याकडं आले. परत आले तर हंडा सरांकडं गेलेला."

"मागं कोण होतं?"

"तेव्हा कोणीच नव्हतं मागं. नंतर आलं असंल."

मी व्हरांड्यातल्या पोरींना विचारत सुटले. कोणी मान वळवली, कोणी वही उघडली. एक एवढीशी चिमुरडी मात्र धीट निघाली. म्हणाली, "तुमच्या नातीमुळं आम्हाला चूळ भरायला पण पाणी नाय." तिचे ओठ फुटलेले होते. तिच्यावर मला रागावता येईना.

प्रगती म्हणाली, "आजे, खाली विहिरीवरून पोरी पाणी वाहतायत. मी पण दोन खेपा करते. बारक्यांना होईल."

"खबरदार! आज तू एक तांब्या जरी भरलास तरी लोक म्हणतील, केलेलं फेडतेय. नाव धुतल्यावर पाहिजे तेवढं पाणी भर. मीही भरीन."

तरी आम्ही विहिरीच्या वाटेला लागलो. पाणी भरायला नाही, माणूस शोधायला. वाट उताराची. खालून एक उंच पोर डोक्यावर हंडा घेऊन चढत होती, हात न लावता. तिला मी ओळखत होते. साखरशेतची भारती. घरचं भाताचं रान आहे, बापाचा ट्रॅक्टर आहे. शाळेच्या शर्यतीत एका वर्षी ती पुढे, एका वर्षी माझी. या वर्षी माझी पोर पुढे गेली आणि जिल्ह्याला पळायला तिचं नाव लागलं. तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. बांधावरच्या दोन बोकडांसारख्या.

आज मात्र भारती तिच्या समोरच येऊन उभी राहिली.

"अजून इथंच का गं तू? पेटी जड झाली काय? उचलू लागू?"

"वाट सोड," प्रगती म्हणाली.

"सोडते की. आधी सांग, माझी बारकी बहीण काल रात्री पाण्यासाठी रडत झोपली, तिला काय सांगू? पळायला पाय हायत तुला, कॉक बंद करायला हात नाय?"

"मी नाय उघडा टाकला."

"मग काय भुतानं टाकला?"

"कोणी टाकला ते मला काय माहीत? मी तिथं नव्हतेच."

"नव्हतीस ते मला पण माहीत हाय! बाजारात हुंदडत होतीस." भारतीचा आवाज चिरकला. "तुझं माझं बोलणं नाय, तरी तुझा हंडा मी सरकवला. नळाखाली लावला, भरला, उचलून बाजूला ठेवला. डहाळा ठेवला. वाटलं, जाऊ दे, पाण्याशी वैर नको. आणि तू मागून येऊन काय केलंस? पाय धुतले असशील आरामात, आणि कॉक उघडा टाकून गेलीस!"

माझ्या तोंडावर चांगली सणसणीत शिवी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी शिवी गिळली.

"पोरी, हंडा खाली ठेव."

"का?"

"मी सांगते म्हणून. डोक्यावर ओझं घेऊन भांडू नये, मान पण जाते आणि अक्कल पण."

तिने हंडा उतरवला.

"डहाळा तू ठेवलास? जांभळाचा?"

"हो."

"वर दगड?"

"हो. चपटा. पायरीजवळचा."

"मोठे सर संध्याकाळी तिथं गेले तेव्हा डहाळा तसाच होता. दगडासकट. त्यांनी हातानं काढला. आत्ता मला सांगितलं."

भारती माझ्याकडे बघत राहिली. मग प्रगतीकडे. ती हुशार पोर आहे, मला पुढचं बोलावं लागलं नाही.

"म्हंजे ही आलीच नाय," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या मागं लाईनीत कोण होतं?"

तिने वर शाळेकडे बघितलं. मग म्हणाली, "हर्षाली. ती एकटीच राहिली होती." आणि खाली बसली.

ती का बसली तेही कळलं. हर्षाली तिच्या बाकावरची. दोघी एका ताटात जेवणाऱ्या.

"ती म्हणाली, मी प्रगतीला पाहिलं. मी मानलं. मला खोटं का सांगंल ती?"

"ते तिला विचार. आता चल वर, सरांना सांग."

"मी नाय सांगणार."

"का?"

"दुसऱ्याचं भांडं भरायचं नाय, असा इथं नियम हाय. मोठ्या पोरी बारक्यांकडून पाणी भरून घ्यायच्या म्हणून सरांनी बंद केलं. गावची सवय, माझ्या लक्षातच राहिलं नाय. आता सांगितलं तर ते म्हणतील, तूच नळाशी होतीस, तूच टाकला असशील. माझ्याच घरी फोन जाईल."

"जाईल," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? आणि दुसरं पण हाय. ही गेली तर जिल्ह्याला पळायला तू जाशील. ते पण बोल की, पोटात कशाला ठेवतेस?"

भारती ताडकन उठली. "मला तसली शर्यत नको! मी तिला पळून हरवणार हाय. समोर, सगळ्यांच्या देखत!"

"मग पळ. ऑफिस त्या बाजूला हाय."

प्रगती पुढे आली आणि म्हणाली, "आजे, तिला जबरदस्ती करू नको. तिचं नाव जाईल. मी माझं बघते."

"तू गप गं," भारती म्हणाली. "मोठी आलीय दया करणारी. हंडा धर माझा. सांडलास तर बघ."

आणि ती खरंच पळत गेली. मी मागून चढेपर्यंत ती सरांच्या टेबलासमोर उभी होती आणि तिने सगळं सांगून टाकलं होतं. सरांनी दगड कसला होता विचारलं. चपटा, एका कडेला तुटलेला, पायरीजवळचा, असं ती म्हणाली. सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. दगड तिथेच पडला होता, त्यांनीच टाकलेला.

हर्षालीला पुन्हा बोलावलं. या वेळी तिने नकाशाकडे बघितलं नाही, भारतीकडे बघितलं. भारती तिला एवढंच म्हणाली, "मला तरी खरं सांगायचंस."

तेवढ्यावर ती फुटली. बादली भरत होती, तेवढ्यात वसतिगृहाच्या मॅडमच्या मोबाईलवर तिच्या आईचा फोन आला म्हणून हाक आली. बादली उचलून पळाली. आईशी बोलण्यात कॉकचं ध्यान गेलं. संध्याकाळी आरडाओरडा झाला, धावत गेली, तर सरांच्या हातात प्रगतीचा हंडा. "सरांनी विचारलं, हा कोणाचा? मी नाव सांगितलं. मग विचारलं, शेवटी हीच होती का? मी हो म्हणाले. मग मागं येता येईना."

मला तिची कीव आली असं मी म्हणणार नाही. ती मागे येत नव्हती तेव्हा माझी पोर पेटीवर बसली होती.

सर म्हणाले, "आजी, चूक झाली. प्रगतीचं नाव राहील. परवानगीशिवाय बाहेर गेल्याबद्दल तिला आठवडाभर व्हरांडा झाडायचा. भारतीला समज. आणि हर्षालीचं..."

"तिचं तुम्ही बघा. माझं अजून झालं नाय."

"आता काय?"

"माझ्या पोरीला चोर ठरवलं सगळ्या शाळेसमोर, आणि सोडवता दार लावून? ज्यांनी ताटं उचलली त्यांना कळलं पाहिजे. पोरांना बाहेर उभं करा."

सरांनी कपाळ पुसलं. पण घंटा द्यायला सांगितली.

पोरं ओळीने उभी राहिली. हर्षालीने सांगितलं. अर्धं ऐकू आलं नाही तेव्हा मी म्हटलं, "मोठ्यानं. खोटं बोलताना आवाज होता." तिने मोठ्याने सांगितलं. मग सरांनीही सांगितलं, की मी नीट न विचारता ठरवलं. सगळ्या शाळेपुढे असं बोलायला छाती लागते. ती त्यांनी दाखवली, म्हणून मी पुढचं एक वाक्य तोंडातच ठेवलं.

हर्षालीचं नाव काढलं नाही. टँकर येईपर्यंत बारक्यांसाठी विहिरीवरून पाणी वाहायचं, अशी शिक्षा दिली.

ऑफिसातून माझा हंडा मी स्वतः बाहेर आणला. पाणी केव्हाच बारक्यांना देऊन टाकलेलं. तो प्रगतीच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता चल. आता भरायचं."

विहिरीवर लाईन लागली होती. आम्ही हंडा लावला. आमच्या मागे भारतीचा हंडा. आमच्या पुढे एक निळी बादली. बादलीची धनीण लांब करवंदीच्या जाळीमागे गुडघ्यात तोंड घालून बसली होती. लाईन सरकली, बादली जागच्या जागी. पुढच्या पोरी वळूनही बघेनात. मागून एक म्हणाली, "आजी, ओलांडा ती. राहू दे तिला तिथंच."

मी त्या पोरीकडे असं बघितलं की ती हंड्याच्या मागे लपली. बादली मी पुढे सरकवली. पुन्हा लाईन हलली, पुन्हा सरकवली. नंबर आला तेव्हा मी पोहरा ओढला आणि बादली भरून कडेला ठेवली. माफबिफ मी कोणाला केलं नाही. पाण्याचं काम पाण्याच्या रीतीने केलं.

मग मी प्रगतीला म्हटलं, "डहाळा मी ठेवणार नाय. ठेवायचा की नाय ते तुझं तू ठरव. नाव तुझं घेतलं होतं तिनं."

प्रगती उभी राहिली. भारती तिच्याकडे बघत होती, मीही. मग ती जांभळाकडे गेली, डहाळा मोडला, बादलीवर आडवा ठेवला. आणि दगड शोधायला लागली. एक उचलला, टाकला. दुसरा टाकला. शेवटी नारळाएवढा धोंडा दोन्ही हातांनी घेऊन आली. डहाळा वाकला, पण टिकला.

"एवढा मोठा कशाला गं?" मी विचारलं.

"दिसला पाहिजे, आजे," ती म्हणाली, आणि आपला हंडा भरून डोक्यावर घेत चढायला लागली. मागून आपला हंडा भरून भारतीने पाऊल लांब टाकलं. प्रगतीनेही टाकलं. डोक्यावर भरलेले हंडे, आणि दोघी कोण आधी वर पोचतं त्यासाठी निघाल्या.

"सांडलं तर धपाटा बसंल!" मी खालून ओरडले.

एक थेंब सांडला नाही.